सिस्टरच्या खोलीतला नळ

गावाला ताप आला की गाव धूर मागतं. माझ्या सगळ्या नोकरीत याला अपवाद सापडला नाही. घरोघरी लेकरं तापानं फणफणलेली असतात आणि ग्रामपंचायतीच्या दारात माणसं उभी राहून विचारतात, "मॅडम, मशीन कवा फिरवता?" मशीन म्हणजे धूर फवारणीचं यंत्र. ते फटफट आवाज करत गल्लीतून फिरतं, पांढऱ्या धुराचे लोट निघतात, पोरं मागे पळतात, म्हाताऱ्या नाकाला पदर लावतात आणि सगळ्यांना वाटतं, चला, पंचायतीनं काहीतरी केलं. डास मात्र न्हाणीमागच्या रांजणात आणि फेकून दिलेल्या टायरात निवांत अंडी घालत असतात. रांजण आठवड्यातून एकदा उपडा करून घासायला दमडी लागत नाही. म्हणूनच त्याचा कधी ठराव होत नाही.

मी ग्रामसेविका होते. ज्यांना हे खातं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सरपंच गावानं निवडून दिलेला असतो, ग्रामसेवक सरकारनं पाठवलेला. सरपंचानं ठरवायचं, आम्ही ते नियमात बसवून कागदावर आणायचं आणि पुढे चौकशी लागली तर उत्तरही आम्हीच द्यायचं. शिवाय गावातले जन्म-मृत्यू नोंदवायचे, दाखले द्यायचे, घरपट्टी मागून शिव्या खायच्या. आमच्याकडे ग्रामसेवकाला 'भाऊसाहेब' म्हणायची रीत आहे. मी बाई म्हणून माझी 'मॅडम' झाली. फक्त कासाबाई नावाच्या एक आजी मला शेवटपर्यंत 'भाऊसाहेब मॅडम' म्हणत राहिल्या. बाई आली म्हणून पद काऊन कमी करायचं, असं त्यांचं म्हणणं.

आता निवृत्त झाल्यावर पाहुणेरावळे विचारतात, गावाच्या आरोग्यासाठी पैसा येतो तो जातो कुठे? त्यांना वाटतं, मी खाणाऱ्यांची नावं सांगीन. खाणारे असतात, नाही असं नाही. पण खाल्लेल्या पैशापेक्षा प्रामाणिकपणे चुकीच्या जागी लावलेला पैसा जास्त असतो, हे माझं मत. आरोग्यावर काय खर्च करावा, यावर शासनाची जाडजूड पुस्तकं आहेत. ती मी वाचली आहेत, प्रशिक्षणात त्यांच्यावर डोकं टेकून झोपलेही आहे. गावात मात्र एकच कसोटी चालते. फीत कापता येईल का? कमानीला फीत लागते, हायमास्ट दिव्याला लागते, फवारणी यंत्रालाही हार घालून नारळ फोडता येतो. जमिनीखालून जाणाऱ्या पाइपला फीत कुठे बांधणार?

नोकरीच्या शेवटाकडे मी ज्या गावात होते तिथे आरोग्याच्या वाट्यातून आधी फवारणी यंत्र आलं आणि मग ओपन जिम आली. ओपन जिम म्हणजे मोकळ्या जागेत सिमेंटमध्ये रोवलेली व्यायामाची रंगीत लोखंडी अवजारं. उद्घाटनाला आमच्या सरपंचांनी, वसंतराव त्यांचं नाव, धोतर सावरत त्या झुलत्या पट्ट्यावर चालून दाखवलं आणि फोटो काढून घेतला. दिवसभर वावरात वाकून घरी आलेल्या माणसाला पुन्हा लोखंड ओढायची हौस कुठून येणार? महिन्याभरात एका खांबाला म्हशीचं वगारू बांधलेलं दिसू लागलं आणि दुहेरी बारवर गोधड्या वाळू लागल्या. आराखड्यात मात्र जिमचा दुसरा टप्पा आला होता. आराखडा म्हणजे गावानं वर्षभरात कशावर खर्च करायचा याची ठरवलेली यादी. तो ग्रामसभेत मंजूर व्हावा लागतो. पहिला टप्पा मारुतीच्या देवळामागे होता, दुसरा सरपंचांच्या घरासमोरच्या पटांगणात व्हायचा होता.

वसंतरावांबद्दल गैरसमज नको. माणूस दिलदार. माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढायला उभा राहिला होता. कोणाच्या घरी मयत झाली तर लाकडांच्या बैलबंडीसोबत सगळ्यात पुढे हाच. पण त्याला गाव दिसायचं ते रस्त्यावरून गाडीतून जाणाऱ्याला दिसेल तसं. "मॅडम, पाहुना फाट्यावरून वळला की त्याले वाटलं पायजे, हे सुधारेल गाव हाये," असं तो नेहमी म्हणायचा. गावात राहणाऱ्याला काय वाटतं, हे विचारायची त्याला कधी गरज पडली नव्हती. दर वेळी निवडून येत होता ना.

आता आरोग्य उपकेंद्राकडे येते, कारण सगळं रामायण तिथेच घडलं.

आमचं गाव संग्रामपूर तालुक्यातलं, वरवट बकालच्या बाजाराला जाणारं. नाव सांगत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. पूर्णेच्या या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारट आहे. खारपाणपट्टा म्हणतात आम्हाला. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, केस धुतले तर जटा होतात, साबणाला फेस येत नाही. पिण्याचं गोडं पाणी लांबून धरणातून पाइपनं येतं आणि गावात कोण आधी भरणार यावरून बायांची डोकी फुटायची वेळ येते. हे गोडं पाणी गावच्या शेवटच्या गल्लीपर्यंत पोचत होतं. उपकेंद्र त्या गल्लीच्याही पुढे, टेकाडावर. सरकारी दवाखान्याला गावातली चांगली जागा कोणी देत नाही, जी कोणाच्या कामाची नाही ती देतात. इमारत एका योजनेतून झाली, रंग दुसऱ्या योजनेतून, छतावरची टाकी तिसऱ्या योजनेतून. टाकीत पाणी आणणारी योजना मात्र निघालीच नाही. अंगणात एक हातपंप होता, खाऱ्या पाण्याचा. त्यामुळे वरच्या कार्यालयाला जाणाऱ्या माहितीत 'पाणी उपलब्ध' असं लिहिलेलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

उपकेंद्रात वंदना सिस्टर होत्या. मन लावून काम करणारी बाई. लसीकरण, तपासणी, गोळ्या सगळं करायच्या. बाळंतपण करायचं शिक्षण त्यांच्याकडे होतं, टेबल होतं, दिवा होता. पण त्या टेबलावर प्लास्टिक टाकून त्यावर मीठसाखरेच्या पाकिटांची खोकी रचलेली असत. एकदा मी विचारलं तर त्यांनी मला हातपंपावर नेलं आणि माझ्या हातावर साबण ठेवला. "घासा मॅडम." मी घासत राहिले. हात बुळबुळीत झाले, चिकट झाले, फेस काही आला नाही.

"हे हात मी बाळंतिणीले लावू?" त्या म्हणाल्या. "मी घरून कॅनमधी गोडं पानी आनतो तं सुया देन्यापुरतं होते. डिलिव्हरीले बादल्या लागतात. म्हून मी तालुक्याले पाठवतो. रस्त्यात काय होते ते माह्या हाती नाई."

रस्त्यात काय होतं, ते कासाबाईंच्या घराला विचारा. त्यांची सून रेखा. पहिलं बाळंतपण भर पावसाळ्यातलं. सरकारी गाडी दुसऱ्या गावाला गेलेली, म्हणून बाजाराहून कांद्याची रिकामी पोती घेऊन आलेला मालवाहू टेम्पो थांबवला आणि त्यात तिला घातलं. तालुका लांबच राहिला. पोरगी टेम्पोतच झाली, कासाबाईंच्या मांडीवर, पोत्यांच्या वासात. दोघी वाचल्या, हे नशीब. ड्रायव्हरनं घाबरून गाडी थांबवली ती फाट्यावरच्या पेट्रोलपंपाजवळ.

आता यात आमच्या खात्याचा एक नियम आहे. चालत्या गाडीत मूल जन्मलं तर त्याची नोंद गाडी पहिल्यांदा जिथे थांबली तिथे करायची. पंप शेजारच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत. म्हणून रेखाच्या मुलीचा जन्म शेजारच्या गावात नोंदला गेला. माझ्या गावच्या मुलीचा दाखला मला देता येईना. रेखानं माझ्यापुढे उभी राहून विचारलं होतं, "मॅडम, मी इथली, तिचा बाप इथला, आजी इथली. अन् पोट्टी त्या पंपाची?" मी तिला नियम समजावून सांगितला. नियम बरोबरच होता. ती ऐकून घेऊन निघून गेली.

मुलीचं नाव अनुष्का ठेवलं होतं. गावानं 'टेम्पू' ठेवलं. अंगणवाडीत टेम्पू, किराणा दुकानात टेम्पू. "ए टेम्पू, हॉर्न वाजव," म्हणून मोठी माणसंही तिला चिडवायची. गावाची मस्करी अशीच असते, प्रेमाची आणि निर्दय. पोरगी हसायची. तिच्या आईला मी कधी हसताना पाहिलं नाही.

तर एके दिवशी ती रेखा सासूला घेऊन पंचायतीत आली. पुन्हा दिवस गेले होते. पदर पोटावर घट्ट ओढून खुर्चीत न बसता उभीच राहिली.

"मॅडम, हे लेकरू मले गावात पायजे."

कासाबाई म्हणाल्या, "भाऊसाहेब मॅडम, सिस्टरच्या खोलीत एक नळ पायजे. येवढंच. मंग पुढचं आमी पाह्यतो."

एक नळ. टेकाडावर पाइप, टाकीची डागडुजी, पाणी चढवायला छोटी मोटर. जिमच्या दुसऱ्या टप्प्यात हे सगळं होऊन वर उरलं असतं. मी वसंतरावांकडे विषय काढला. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "घेऊ न मॅडम. पुढच्या आराखड्यात घेऊ. जिमचं सामान तं मी सांगून ठेवलं. अन् पाइपाचं काय, मानसाले दिसत बी नाई." यात काही दुष्टपणा नव्हता. हेच तर दुखणं होतं.

मग मला राग आला. माझा राग हा माझ्या गोपनीय अहवालात दर वर्षी लिहिला गेलेला आहे, 'स्वभाव तापट' म्हणून. त्या साहेबांना मी धन्यवाद देते, कारण त्यांनी निदान तेवढं तरी खरं लिहिलं.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असा कायदा आहे. आणि तिथे बाया जे म्हणतील ते ग्रामसभेपुढे मांडायचं. गावोगावी ही सभा कशी होते ठाऊक आहे? शिपाई वही घेऊन घरोघर फिरतो, बाया पिठाच्या हातानं सह्या करतात, झाली सभा. त्या वर्षी पंधरा ऑगस्टच्या आधी मी शिपायाला सांगितलं, वही इथेच राहू दे, बायांना बोलव. अंगणवाडीत सभा घेतली. मग कोणी दारूचं काढलं, कोणी गटाराचं. शेवटी रेखानं टेम्पोचं सांगितलं आणि बाया माना हलवू लागल्या, कारण त्यातल्या बऱ्याचजणी कधी ना कधी त्याच रस्त्यानं, तशाच गाडीतून गेल्या होत्या. जिमचा दुसरा टप्पा काढून ते पैसे उपकेंद्राच्या गोड्या पाण्याला द्यावेत, असं सगळ्यांनी एकमतानं ठरवलं. मी तो विषय ग्रामसभेच्या नोटिशीत जसाच्या तसा घातला. वसंतरावांनी नोटिशीवर सही केली. नोटीस वाचायची पद्धत आमच्याकडे नाही.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं, पोरांना बुंदी वाटली, माणसं पांगली. ग्रामसभेला ठरलेल्या संख्येइतके लोक हवेत. ते कधीच नसतात. मग सभा तहकूब करायची आणि आठवड्याभरानं तहकूब सभा घ्यायची. त्या दुसऱ्या सभेला संख्येची अट नाही. पाच माणसं असली तरी ठराव होतात. तुम्हाला वाटत असेल की ग्रामसभा म्हणजे सारं गाव जमून ठरवतं. नाही हो. सारं गाव तहकूब सभेत ठरतं, चार खुर्च्या आणि एक चहाची किटली एवढ्यात. कित्येक सरपंचांचा कारभार या तहकुबीवर चालतो.

"तहकूब," वसंतराव म्हणाले, "अन् बाजाराच्या दिवशी ठेवा मॅडम. गाव खाली असते. डोक्याले ताप नाई."

"बरं," मी म्हटलं. तारीख ठरवायचा हक्क त्यांचा होता.

इथे वसंतरावांची चूक झाली, आणि ती फक्त आमच्या भागातला पुरुषच करू शकतो. बाजाराच्या दिवशी गाव खाली असतं हे खरं, पण कोणाचं? पुरुष सकाळीच वरवटच्या बाजाराला जातात, सौदे करतात, भजी खातात, संध्याकाळी परत येतात. ऑगस्ट म्हणजे निंदणाचे, खुरपणीचे दिवस. बाया रोज सकाळचं आवरून वावरात जातात आणि दिवेलागणीला येतात. फक्त बाजाराच्या दिवशी निंदणाला सुट्टी असते, कारण त्या दिवशी मजुरी वाटतात. म्हणजे आठवड्यातला हा एकच दिवस, जेव्हा गावातल्या झाडून साऱ्या बाया घरी असतात. वसंतरावांच्या डोळ्यांना मात्र गाव रिकामं दिसत होतं, कारण पारावर कोणी नसायचं.

सभेची सूचना दवंडीनं द्यावी, असं नियमात आहे. आता दवंडी पिटणारा कोण राहिला? आमची कचऱ्याची घंटागाडी होती, तिच्यावर भोंगा. मी ड्रायव्हरला सूचना माझ्या आवाजात रेकॉर्ड करून दिली. सकाळी घंटागाडी आली की कचऱ्याची बादली घेऊन दारात कोण येतं? मी आयुष्यात एकाही घरचा पुरुष आलेला पाहिला नाही. सूचना रीतसर गावभर फिरली आणि जिला ऐकायची होती तिच्या कानावर गेली. कोणी विचारलं तर सांगायला मी मोकळी होते की नियमाप्रमाणे दवंडी दिली आहे. दिलीच होती.

बाजाराच्या दिवशी पंचायतीच्या हॉलमध्ये वसंतराव आणि त्यांची चार माणसं बसली होती. पायात चपला तशाच, मोटरसायकलच्या किल्ल्या हातात. सह्या झाल्या की बाजार. तेवढ्यात दारात कासाबाई आल्या. मागे रेखा. मागे शेवटच्या गल्लीतल्या, मग मधल्या गल्लीतल्या, मग माळ्यांच्या वाड्यातल्या बाया. खुर्च्या संपल्या, बाया खाली बसल्या, खाली जागा संपली तर ओसरीत बसल्या.

वसंतराव हसून म्हणाले, "काय व, आज हळदीकुंकू हाये काय अथी?"

"हळदीकुंकू नाई," कासाबाई म्हणाल्या. "तहकूब हाये."

मी विषय वाचून दाखवला. वसंतरावांच्या चेहऱ्यावरून कळलं की तो विषय ते पहिल्यांदाच ऐकत आहेत. "पन उपकेंद्रात पानी तं हाये न," ते म्हणाले. "हातपंप हाये."

ओसरीतून एक बादली आत आली. टेकाडावरच्या हातपंपाचं पाणी. रेखानं ती सरपंचांच्या खुर्चीजवळ ठेवली आणि पदराखालून नव्या साबणाची वडी काढली.

"हात धुवा," ती म्हणाली.

चार लोकांत नाही कसं म्हणणार? वसंतराव हसत हसत हात धुवायला लागले. धूत राहिले. वडी हातातून निसटत होती, फेस येत नव्हता. बाया एकमेकींकडे न पाहता बघत होत्या. वसंतरावांचं हसू हळूहळू गेलं.

"नाई आला फेस. मंग काय झालं?"

"काई नाई झालं भाऊ," रेखा म्हणाली. "असेच हात सिस्टरचे असतात. सांगू मंग तिले, याच हातानं तुमच्या सुनेचं बाळंतपन कर म्हून?" तिचा आवाज चढला. "तुमची सून गाडीत बसून खामगावच्या मोठ्या दवाखान्यात जाते. आमी कांद्याच्या पोत्यात जातो. माह्या पोट्टीले सारं गाव टेम्पू म्हनते. तुमी बी म्हनता. म्हना. पन हे दुसरं लेकरू मी टेम्पू होऊ देनार नाई."

वसंतरावांनी ओले हात धोतराला पुसले. "अवं पन मी नाई कुठं म्हटलं? पुढच्या आराखड्यात पैलं काम तुमचं."

"पुढचा आराखडा मार्चानंतर," रेखानं पोटावर हात ठेवला. "हे मार्चाची वाट पाह्यन काय?"

मग वसंतराव माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, आजची सभा तहकूब करा."

माझ्या सगळ्या नोकरीत मी सरपंच म्हणेल ते लिहीत आले. त्या दिवशी पेन खाली ठेवला. म्हटलं, "सरपंचसाहेब, ही तहकूब सभाच आहे. तहकुबीची तहकुबी करायची असेल तर सभेला विचारावं लागेल. विचारू? ज्यांना वाटतं सभा बंद करावी, त्यांनी हात वर करा."

चार हात वर गेले. त्यातला एक लगेच खाली आला, कारण त्या माणसाची बायको समोरच बसली होती.

"आणि ज्यांना वाटतं जिम नको, सिस्टरच्या खोलीत गोडं पाणी हवं?"

हॉलमध्ये बांगड्यांचा जो आवाज झाला तो अजून माझ्या कानात आहे. निंदून निंदून बोटं चिरलेले, हिरवे डाग पडलेले हात. मी मोजायचं नाटकही केलं नाही. ठराव लिहिला, मोठ्यानं वाचला, आणि पेन वसंतरावांपुढे धरला. त्यांनी सही केली, कारण दारात इतक्या बाया बसल्या होत्या की बाहेर पडायला वाटच नव्हती. सही करताना हळूच म्हणाले, "मॅडम, हे बरं नाई केलं तुमी."

मी बरंच केलं. आजही तेच म्हणते.

पुढे व्हायचं ते झालं. तक्रार गेली. मला कारणे दाखवा नोटीस आली. ग्रामस्थांची दिशाभूल, पदाधिकाऱ्यांशी असहकार, आणि 'कचरा वाहनाचा अनधिकृत वापर'. शेवटचं वाचून मी एकटीच खूप वेळ हसले. पंचायत समितीच्या साहेबांनी बोलावून घेतलं. तरुण होते, शिकलेले, वागायला सभ्य. त्यांनी सगळं वाचलं आणि म्हणाले, "मॅडम, नियमात तुम्ही कुठेच चुकलेल्या दिसत नाही. पण तुम्ही असं का केलंत?"

"नियमात होतं म्हणून," मी म्हटलं.

"हे उत्तर मी वर पाठवू शकत नाही."

"मग वरच्यांना म्हणावं, इकडे येऊन आमच्या पाण्यात हात धुऊन जा."

माफी मागा, प्रकरण मिटवतो, असं त्यांनी दोन-तीनदा सुचवलं. मी मागितली नाही. निवृत्ती हाताच्या अंतरावर आली होती, घरचे म्हणत होते, कशाला शेवटी शेवटी कटकट. पण मी माफी मागितली असती तर त्या हॉलमध्ये वर झालेले हात चुकीचे ठरले असते. तेवढं मला जमण्यासारखं नव्हतं. मग माझी तात्पुरती बदली झाली, जिल्ह्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला, लोणार तालुक्यात, बीबीच्या बाजाराला जाणाऱ्या एका गावात. तिथली माणसं 'मले' नाही, 'मला' म्हणतात. पहिले काही दिवस मला परमुलखात आल्यासारखं वाटत होतं. हातपंपाचं पाणी तेवढं गोड होतं. पहिल्यांदा त्या पाण्यात हात धुतले तेव्हा भरभरून फेस आला आणि मला भर रस्त्यात रडू कोसळलं.

मला एकाच गोष्टीची खंत होती. ठराव झाला, पण काम डोळ्यांनी बघायला मी तिथे नव्हते. ठराव कागदावर ठेवून काम लांबवणं हे पंचायतीत सगळ्यात सोपं असतं. वसंतराव आता तेच करणार, हे मला दिसत होतं आणि इतक्या लांबून मला काही करता येत नव्हतं. रेखाचे दिवस भरत आले होते.

पण मी त्या बायांना ओळखलं नव्हतं. कासाबाईंनी फोनवर सांगितलं. रोज सकाळी एक बाई कळशी घेऊन सरपंचांच्या दारात जायची. "सिस्टरच्या खोलीसाठी गोडं पानी द्या." रोज वेगळी बाई. भांडण नाही, घोषणा नाही, मोर्चा नाही. सरपंचांच्या बायकोनं पहिले काही दिवस हसून कळशी भरून दिली. मग तिचं स्वतःचं पाणी पुरेना. मग एके दिवशी तिनं नवऱ्याला साऱ्या गल्लीसमोर सुनावलं, "तुमी त्या टेकाडावर पाइप टाका, नाई तं मी माहेरी जातो."

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय भाऊसाहेब मॅडम. खोदून राह्यले."

थंडीच्या दिवसांत एका सकाळी, मी पंचायतीत दाखले लिहीत बसले होते, तेव्हा फोन वाजला. रेखाचा नंबर. आवाज तिचाच होता, थकलेला.

"मॅडम, पोरगी झाली. रात्री. सिस्टरच्या खोलीत."

मी खात्याच्या बाईसारखं विचारलं, "बाळ कसं आहे? तू कशी आहेस? पाणी होतं का?"

"थांबा," ती म्हणाली. मग कासाबाईंचा आवाज, पावलं, दार सरकल्याचा आवाज. फोन कशाच्या तरी जवळ नेला. आणि मग नळ सुरू झाल्याचा आवाज आला. आधी हवेची खरखर, मग धार, मग पत्र्याच्या बादलीत जोरात पडणारं पाणी. माझ्यासमोर दाखल्यासाठी आलेली माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. बादली भरत आली तसा आवाज बदलला, आणि तरी नळ कोणी बंद करेना. मला ऐकवण्यासाठी तो चालूच ठेवला होता.

शेवटी मीच ओरडले. आयुष्यभर कार्यालयात मी प्रमाण भाषा बोलले, पण त्या क्षणी माझी घरची भाषा तोंडातून बाहेर पडली.

"बंद कर व माय आता! गोडं पानी वाया जाऊन राह्यलं!"